मदत हवी आहे: इन्चार्ज सिस्टर नसतानाही बेडजवळचा हँडओव्हर (ड्युटी बदलताना रुग्णांचा चार्ज सोपवणं) कसा टिकवायचा?

यवतमाळ जिल्ह्यातलं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. वॉर्ड आणि लेबर रूम मिळून रात्री ८ ते ८ एकच सिस्टर. एकूण सिस्टरपैकी निम्म्या कायम, निम्म्या कंत्राटी. वाढीव पद मिळणार नाही, ते कृपया सुचवू नका.

अडचण सकाळी ८ च्या हँडओव्हरची. टेबलावर रजिस्टर बघून दोन मिनिटांत उरकतात. झटके आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा ५ ग्रॅमचा डोस दर चार तासांनी. त्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास मिनिटाला १६ च्या वर, लघवी तासाला किमान ३० मिली, हे बघायलाच हवं. चार्टवर डोसची वेळ असते, लघवीचा रकाना कोरा!

एसबीएआरचा छापील तक्ता लावला (सद्यस्थिती, पूर्वेतिहास, मूल्यमापन, पुढे काय). आठवडाभर भरला, मग सगळ्या रुग्णांच्या नावापुढे एकच शेरा, 'जनरल कंडिशन फेअर'. मेमो दिले, तर चुका लपायला लागल्या. हे जास्त वाईट. इन्चार्ज बेडजवळ उभी असली की १५ मिनिटांत नीट होतं, तिच्या रजेच्या दिवशी पुन्हा टेबल. म्हणजे खोट तक्त्यात नाही. शिवाय रात्रीच्या सिस्टरला सव्वाआठची एसटी गाठायची असते, खरी गोम तीच असावी.

ज्यांनी हे टिकवून दाखवलंय त्यांना विचारते: अपूर्ण चार्टची जबाबदारी चार्ज देणारीवर ठेवली की घेणारीवर? आणि नवख्या कंत्राटी सिस्टरने सीनियरला 'मॅडम, आधी लघवी मोजून लिहा, मग चार्ज घेते' असं न घाबरता म्हणावं, यासाठी इन्चार्जने नेमकं काय केलं?