सोसायटीच्या कामकाजाची माहिती ऑनलाइन विकावी म्हणते. हाताशी १८ हजार रुपये आहेत

भांडुपकर

नमस्कार मंडळी,

मुलुंडमधील एका लेखापरीक्षकांकडे मी ११ वर्षे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहीत होते. साहेबांनी वयोमानामुळे काम थांबवले आणि मार्चअखेरीस कार्यालयाला कुलूप लागले. तेव्हापासून मी घरी आहे, फोन मात्र थांबलेले नाहीत. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी भागातील सोसायट्यांचे सेक्रेटरी आजही विचारतात की, सभासद वारला आणि नामनिर्देशन एकाच मुलाच्या नावे असेल तर शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचे लावायचे, सदनिका विकली जाताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचे प्रीमियम २५ हजारांहून अधिक घेतले तर चालते का, मेंटेनन्सवर जीएसटी नेमका केव्हा लागतो. मी उत्तर देते, समोरचे गृहस्थ आभार मानतात आणि फोन ठेवतात.

हेच ज्ञान मराठीत नीट मांडून ऑनलाइन विकता येईल का, असा विचार मनात घोळतो आहे. हाताशी ७ वर्षांचा जुना लॅपटॉप, घरचे ब्रॉडबँड आणि बाजूला टाकलेले १८ हजार रुपये एवढेच आहे. एका वेबसाइट करणाऱ्याने ४५ हजारांचा अंदाज दिला. धाकटे दीर म्हणतात की यूट्यूब चॅनल काढा, पैसे आपोआप येतील. मला सर्वांत मोठी शंका अशी आहे की, कायदा, उपविधी (सोसायटीचे बायलॉज), शासन निर्णय हे सगळे फुकट उपलब्ध असताना माझ्या माहितीला कोणी पैसे का द्यावेत? माझ्याकडे कार्यालयातील कामातून तयार झालेली टिपणे आहेत, त्यांतली बरीच जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. ती तशीच वापरता येतील का, हेही सांगावे.

माझगावकर

भांडुपकर ताई, जहाजावर नोकरी करू पाहणाऱ्या मुलांना मराठीत माहिती देण्याचा छोटा व्यवसाय मी ९ वर्षे माझगावातून चालवतो आहे. इंडॉस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला), सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण नियमांचे मूलभूत अभ्यासक्रम यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहेच, आणि तरीही रत्नागिरीकडचा मुलगा माझ्याकडून १२ पानांची पुस्तिका विकत घेतो, कारण कोणते कागद आधी जमवायचे आणि कोणते नंतर, हे त्याला तिथे एका जागी सापडत नाही. त्यामुळे आपल्या मोठ्या शंकेचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो. लोक माहितीला पैसे देत नाहीत. ती वेळेवर, ओळीने आणि चूक न होता हातात पडण्याला देतात.

आपल्याच मराठी मुलखातील उदाहरण घ्या. पंचांग घरोघरी होते आणि तिथी-वार कोणाच्या मालकीचे नव्हते, तरी जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढले आणि ते भिंतीवर जाऊन बसले. लोकलचे वेळापत्रकही स्टेशनवरच्या स्टॉलवर पुस्तिकेच्या रूपात मिळतच होते. सचिन टेके यांनी एम-इंडिकेटर या मोबाइल अॅपमध्ये ते इंटरनेटशिवाय साध्या फोनवर दिसेल असे बसवले, आणि मुंबईकरांनी ती पुस्तिका घेणे सोडले.

आता आपल्या विषयाकडे येतो. मेंटेनन्सवरील जीएसटीबद्दल दरमहा प्रत्येक सभासदामागे ७,५०० रुपये ही मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण संस्थेची वार्षिक उलाढालही २० लाखांच्या वर गेली पाहिजे, ही दुसरी अट फुकटच्या लेखांतून वारंवार गळते. ती गळाल्यामुळे एखाद्या लहान सोसायटीची कमिटी महिनाभर घाबरून बसते. तुम्ही दोन्ही अटी एका पानावर, आकडे घालून सोडवलेल्या उदाहरणासह दिल्यात, तर त्या पानाला किंमत आहे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या विषयाला हंगाम आहे. ३१ मार्चला वर्ष संपते, लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत व्हायचे असते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे जून ते सप्टेंबर सेक्रेटरी मंडळींची झोप उडालेली असते. सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, हे त्यांना ठाऊक असते. परंतु सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही त्या मोजणीतून वगळायचे असतात, हे निम्म्यांना ठाऊक नसते. सभा २७ सप्टेंबरला असेल तर सूचना उशिरात उशिरा १२ तारखेला सभासदांच्या हाती पडली पाहिजे. पहिला माल म्हणून मी पुस्तक किंवा अभ्यासक्रम करणार नाही. या चार महिन्यांच्या तारखा, सूचनेचा मसुदा, विषयपत्रिका आणि इतिवृत्ताचा नमुना एवढाच संच करीन.

तो संच करण्याआधी एक काम करा. येणारा प्रत्येक फोन वहीत लिहा: तारीख, सोसायटीत किती सदनिका, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत. मी सुरुवातीला वर्षभर स्वतःच्या मनाने लेख लिहीत बसलो आणि एकही पुस्तिका विकली गेली नाही. नंतर भाऊच्या धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर मुलांशी बोलताना कळले की त्यांना बोटीवरच्या जीवनाचे वर्णन नको होते, एजंट मागतो ते पैसे कायदेशीर आहेत का, एवढेच हवे होते. शीर्षकेही त्यांच्याच तोंडची घ्या, कारण गूगलवरही माणूस तेच शब्द टाकतो. बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून दिली नाही तर ती सरकारी आदेशाने मिळवण्याला सरकारी मराठीत ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणतात, पण तुमचा वाचक ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ असेच शोधणार. दोन्ही शब्द पानावर असू द्यात.

दीरांच्या सल्ल्याविषयी सांगायचे तर, जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी यूट्यूबला १,००० वर्गणीदार आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते. सोसायटीच्या हिशेबाचे व्हिडिओ ४,००० तास पाहणारा महाराष्ट्र मला तरी माहीत नाही. चॅनल काढायला हरकत नाही, पण ते ओळख वाढवण्यासाठी असू द्या. त्याच्या उत्पन्नावर घरखर्च मांडू नका. तुमची खरी पुंजी ते सेक्रेटरी आहेत. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. बहुतेकांना ही अट नडते, पण तुमचा क्रमांक तर त्या सगळ्यांच्या फोनमध्ये ११ वर्षे आहे.

ठाणे पूर्व

४५ हजार कोणालाही देऊ नयेत. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडते आणि फुकटच्या साच्यात चार पाने सहज बसतात. पैसे यूपीआयने घ्या, त्यावर सध्या शुल्क नाही. पेमेंट गेटवे घेतलात तर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे ४९९ रुपयांच्या विक्रीत पावणेबारा रुपये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्यांना नमस्कार करावा. व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, हे हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीला मी सांगणे बरे नव्हे, पण आपल्याच घरचा हिशेब लिहिताना हात आखडतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

काळा कोट

टिपणांचा प्रश्न वर सगळ्यांनी ओलांडला, म्हणून लिहितो. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात तयार केलेल्या लिखाणाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. साहेबांचे कार्यालय बंद झाले म्हणून तो हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. त्यांच्याशी संबंध चांगले असतील तर दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत टिपणांना हात न लावता सगळे नव्याने लिहा. एरवीही जुन्या फॉन्टमधला मजकूर गूगलला मराठी म्हणून ओळखताच येत नाही, तो युनिकोडमध्ये आणावाच लागेल, आणि रूपांतर करताना जोडाक्षरे इतकी विस्कटतात की दुरुस्तीपेक्षा नवे लेखन लवकर होते. अशिलांच्या, म्हणजे सोसायट्यांच्या कागदपत्रांतले नाव, सदनिका क्रमांक, थकबाकी यांतले काहीही उदाहरण म्हणून वापरू नये. इमारतीचे नाव बदलले तरी भांडुपमध्ये लोक ओळखतात.

कायद्याचा मजकूर छापण्याची भीती बाळगू नका. त्याच अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, विधिमंडळाचा अधिनियम भाष्यासह किंवा इतर स्वतंत्र मजकुरासह छापणे हे उल्लंघन ठरत नाही, आणि तुमचे भाष्य हाच तर तुमचा माल आहे. मात्र फोर्टातल्या दुकानात मिळणारी एखाद्या प्रकाशकाची टीपांसहित पुस्तिका स्कॅन करून देऊ नये.

आणखी एक सीमा पाळावी. ‘सूचना किती दिवस आधी द्यावी’ हे सांगणे ही माहिती झाली, तर ‘तुमच्या इमारतीतील अमुक सभासदाविरुद्ध दावा टिकेल का’ हे सांगणे हा सल्ला झाला. दुसऱ्या प्रकारचा फोन आला तर वकिलाकडे पाठवा. पुनर्विकासाच्या बाबतीत विशेष जपा, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालचे ३ जानेवारी २००९ चे निर्देश अजूनही अनेक ठिकाणी चालू म्हणून फिरतात, प्रत्यक्षात त्यांच्या जागी ४ जुलै २०१९ चे सुधारित निर्देश आले. प्रत्येक पानावर ‘अमुक तारखेपर्यंत तपासलेले’ असे लिहिलेत, तर ग्राहकाला विश्वास वाटेल आणि तुम्हालाही काय पुन्हा पाहायचे आहे ते कळेल.

दादरची सेक्रेटरी

वरची सर्व उत्तरे विकणाऱ्याच्या बाजूने आहेत. मी घेणारी आहे, २८ सदनिकांच्या इमारतीची सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झाल्यावर गळ्यात पडलेले काम. माझगावकरांचे बहुतेक पटते, पण ग्राहक कोण हे त्यांच्या लक्षात आले नाही. जहाजावर जाणारा मुलगा स्वतःच्या खिशातून पैसे देतो. मी माझ्या पेन्शनमधून सोसायटीसाठी २०० रुपयेही देणार नाही, परंतु सोसायटीच्या खात्यातून १,५०० रुपये सहज देईन, कारण तेवढ्या खर्चाला कमिटीत कोणी भुवई उंचावत नाही. अट एकच, सोसायटीच्या नावाची पावती हवी, व्हाउचरला जोडण्याजोगी. पावतीविना दिलेला एक एक रुपया ऑडिटच्या वेळी माझ्या अंगावर येतो, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता.

दुसरे, पीडीएफ देऊ नका, निदान नुसती देऊ नका. सभेची सूचना मला आमच्या नावाने बदलता आली पाहिजे. मागच्या वर्षी एकाकडून घेतलेल्या नमुन्यात तारीख बदलता येईना, म्हणून वॉचमनच्या मुलाकडून सगळी सूचना रात्री अकरा वाजता पुन्हा टंकून घेतली, आणि त्या धावपळीत सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामासाठीच्या राखीव निधीचा विषय पत्रिकेतून राहून गेला. सभेत त्यावरून जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. अक्षर मोठे ठेवा. फलकावर लावलेली सूचना वाचणारे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे असतात.

आणि फोन सुरू ठेवा. वर्षातून चार फोन विचारण्याची मुभा असलेला संच मी साध्या संचाच्या दुप्पट किमतीला घेईन.

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण माझगावकरांनी सांगितलेली वही आधी भरायची होती. या काळात ३७ फोन आले, त्यांतले २१ सभा, सूचना आणि इतिवृत्त यांविषयीचे होते. डीम्ड कन्व्हेयन्सबद्दल मला वाटले होते की तोच विषय चालेल, त्यावर दोनच आले. साहेबांना भेटून आले. त्यांनी परवानगीचे पत्र हसत लिहून दिले, पण टिपणे उघडून पाहिली तेव्हा काळा कोट यांचे म्हणणे पटले आणि मी सगळे नव्याने लिहायला घेतले.

सभेचा संच वर्डमध्ये तयार झाला आहे, तारखांचे पान वेगळे आणि मोठ्या अक्षरांत आहे. डोमेन घेतले आणि नमुन्यांच्या छपाया काढल्या, मिळून अजून २ हजारही खर्च झाले नाहीत. तीन ओळखीच्या सेक्रेटरींना तो वापरून पाहण्यासाठी दिला. दोघांनी पावतीसह १,५०० रुपये दिले. तिसऱ्यांनी, कांजूरमार्गच्या, परत पाठवला. त्यांचे म्हणणे असे की मराठी उत्तम आहे, पण त्यांच्या इमारतीत निम्मी कुटुंबे गुजराती आणि तमिळ आहेत आणि गेल्या वर्षी एका सभासदाने सूचना समजली नाही अशी तक्रार लेखी दिली होती. म्हणून आता प्रत्येक मसुदा डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी असा करते आहे. काम जवळजवळ दुप्पट वाढले. दोन्ही भाषांच्या संचाची किंमत तीच ठेवावी की वाढवावी, एवढे कोणी सांगेल का?

दादरची सेक्रेटरी

२,००० ठेवा. आणि आमच्याकडे एक पाठवा, ऑगस्टच्या कमिटी मीटिंगच्या आत.