पंचवीस उत्तरं घोटा म्हणे! बारावीच्या पोरांना इंटरव्ह्यूचं पॅकेज कशाला पाहिजे?

कृष्णाकाठचा_मास्तर (सांगली)

परवा कुणा करिअर समुपदेशकाची पोस्ट फिरत फिरत आमच्या ज्युनिअरच्या ग्रुपवर आली. म्हणणं असं की सातारा-सांगलीकडची पोरं लेखी परीक्षा काढतात पण कॉलेजच्या इंटरव्ह्यूत आपटतात, कारण इंग्रजी नाही आणि कॉन्फिडन्स नाही. उपाय काय, तर अकरावीपासून पॅकेज घ्या, पंचवीस प्रश्नांची उत्तरं घोटून ठेवा आणि एक ब्लेझर शिवा. खाली नंबर. दोन दिवस गप्प बसलो, पण आमच्याच स्टाफरूममधल्या तिघांनी अंगठा दिलेला बघितला आणि राहवलं नाही.

सीईटीच्या कॅप राउंडला, म्हणजे मार्कांवर होणाऱ्या सरकारी प्रवेश फेरीला, इंटरव्ह्यू नसतो, त्यामुळं आपल्याकडं नव्वद टक्के पालकांचा याच्याशी संबंधच येत नाही. पण लष्करात अधिकारी करणारी एनडीए म्हणा, इंदूरच्या आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स म्हणा, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ म्हणा, तिथं समोर बसून बोलावं लागतं. दरवर्षी माझ्याकडं अशी चार-पाच पोरं येतात, स्टाफरूममध्ये खुर्ची टाकून मी त्यांना प्रश्न विचारतो, फी एक चहा, तोही मीच पाजतो.

गेल्या वर्षी तासगावकडचा एक पोरगा आला. क्लास करून आलेला. मी विचारलं, वडील काय करतात? तर ताठ बसून, भिंतीकडं बघत म्हणाला, "माय फादर इज अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट." पुढं काय? काहीच नाही. तुझा वीक पॉइंट? "आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट." मग मी मराठीत विचारलं, अरे बाग किती एकर, छाटणी कधी घेता? गडी सुटला की राव! खरड छाटणी एप्रिलात, फळछाटणी ऑक्टोबरात, शेजारच्यानं लवकर माल काढायच्या नादात ऑगस्टमध्ये घेतली आणि परतीच्या पावसात फुलोऱ्यात डाऊनी रोगानं घड कसे गेले, बेदाण्याच्या शेडवर रात्री पाऊस आला तर घरातले सगळे कागद धरायला कसे पळतात, वीस मिनिटं बोलला. बोलताना हात द्राक्षाची काडी धरल्यासारखे हलत होते. हे सगळं त्या क्लासनं दोन महिन्यांत पुसून तिथं एक इंग्रजी शब्द चिकटवला होता. आणि त्याचे पैसे घेतले!

तयारी करा की, नको कोण म्हणतंय. पण आपण भरलेला फॉर्म हाच प्रश्नपत्रिका असतो. त्यातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता आलं की झाली तयारी.

माहुलीची_आई (सातारा)

मास्तर, राग येऊ देऊ नका पण तुम्ही लोक फार लवकर निकाल देता. मी भरलेत पैसे क्लासला. माझी पोरगी इंदूरला त्याच कोर्सला आहे. तुमच्या त्या पोराला बोलायला घरात द्राक्षबाग होती, आमच्या घरात काय होतं? मी पोस्टात, हे एमआयडीसीत शिफ्टला. पोरगी दोन वर्षं नुसती पर्याय काळे करत बसलेली. अकरावी-बारावीत कुठल्या शिक्षकानं तिला "तुला काय वाटतं" असं एकदा तरी विचारलं का? नाही. कॉलेज-क्लास एकत्र अशा इंटिग्रेटेडच्या नावाखाली कॉलेजात हजेरी कागदावर, पोरं क्लासमध्ये कोंडलेली. तोंड उघडायची सवयच मोडली तिची. पहिल्या मॉकला नाव सांगताना रडली. मग त्या क्लासवाल्या मॅडमनी आठवड्यातून दोनदा बसवून बोलतं केलं. तुमच्यासारखे चहा पाजणारे मास्तर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, ज्याला नाही मिळत त्यानं पैसे देऊन विकत घेतलं तर त्यात पाप काय?

सुभेदार_अपशिंगेकर (रिटायर्ड)

दोघांचंबी अर्धं अर्धं बरोबर. एनडीएचं मी सांगतो, कारण आमचा धाकटा एकदा परत आला आणि दुसऱ्यांदा लागला. लेखी ९०० मार्काची आणि एसएसबी, म्हंजे लष्कराची पाच दिवसांची निवड चाचणी, ती पण ९०० ची, म्हंजे त्या पाच दिवसांचं वजन सगळ्या पुस्तकाएवढं. तिथं पीआयक्यू म्हणून स्वतःच्या माहितीचा फॉर्म भरून घेतात आणि इंटरव्ह्यूवाला साहेब तोच समोर ठेवून बसतो. सायकॉलॉजीला ६० शब्द दाखवतात, एकेका शब्दाला १५ सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. घोटलेलं कुठं आठवणार १५ सेकंदात? पहिल्या वेळी हा पठ्ठ्या क्लासमधली वाक्यं लिहून आला, पाचव्या दिवशी निवडलेल्यांत ह्याचा चेस्ट नंबर पुकारला नाही, गप घरी. दुसऱ्या वेळी मी म्हटलं रोज पहाटे पळायला चल आणि मला दिवसभराचं सांग. एवढंच केलं.

बाकी हल्लीच्या पोरांना पाठ ताठ ठेवून बसताच येत नाय, मान कायम मोबाईलात, याच्यावर कोण बोलणार का नाय? आमच्या गावात पहिल्या महायुद्धाला ४६ जण गेले ते परत आले नायत, आणि आता पोरगं दळण आणायला गाडी मागतंय.

मिरजेची_तार

मास्तरांना अनुमोदन आणि एक घरचा किस्सा. भाचा गेला होता इंटरव्ह्यूला, कुठं ते जाऊ दे. पहिला प्रश्न, सांगलीचा ना तू, मग २०१९ चा महापूर कशामुळं आला? ह्यानं डोळे झाकून सांगितलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं. पुढचा प्रश्न, कसं काय? धरण खालच्या बाजूला, तुम्ही वरच्या, पाणी उलटं चढलं का? अलमट्टीची उंची किती? कोयनेतून किती सोडलं होतं? पोरगं गार. आपण सगळे इथं लहानपणापासून जे म्हणतो तेच तो म्हणाला, पण एक पायरी पुढं कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

इर्विन_पूल_५७_फूट

गार पडायचं काय कारण? बरोबरच सांगितलं पोरानं!! अलमट्टीमुळंच आला. २००५ ला सांगलीच्या इर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर. इशारा पातळी ४०, धोका ४५. आमच्या गावभागातल्या घरात माळ्यावर ठेवलेला टीव्ही भिजला, आजीला बोटीतून काढली, आणि कोण साहेब एसीत बसून विचारणार पाणी उलटं चढलं का? होय चढलं. खाली फुगवटा आला की वरचं पाणी पुढं सरकत नाही, एवढं गटार तुंबल्यावर शेंबड्या पोरालाबी कळतं.

प्रीतिसंगम_कराड

झालं सुरू. भावा, सरकारनं पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवाल वाच, त्यांनी अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही. कोयना १०५ टीएमसीची, ती भरत आली की दारं उचलावीच लागतात, ते पाणी कराडला कृष्णेला मिळून थेट तुमच्याकडंच येतं. त्यात धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस वेगळा, त्याला तर कुणाचं दारच नाही. आणि नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून बंगले बांधले ते कुणी? कर्नाटकनं?

इर्विन_पूल_५७_फूट

समितीचं मला सांगू नको. समितीच्या घरात पाणी शिरलं नव्हतं. अलमट्टी आत्ता ५१९.६० मीटर आहे तर ही गत, कर्नाटकाला ५२४.२५६ करायचीय, कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्येच तशी मुभा दिलीय. मग बोल. आणि तुम्ही कराडकर उंचावर बसून ज्ञान पाजळताय.

प्रीतिसंगम_कराड

उंचावर? २०१९ ला आमच्या घाटावर कुठवर पाणी आलं होतं बघायला आला होतास का? उंची वाढवायला माझाबी विरोधच आहे, पण म्हणून २०१९ चा सगळा पूर त्यांच्या बोकांडी मारायचा हे चालत नाही. हरिपूरला वारणा मिळते, खाली नरसोबावाडीला पंचगंगा, तिन्ही नद्या एकाच आठवड्यात फुगल्यावर पाणी जाणार कुठं?

मिरजेची_तार

फुगवट्याचा मुद्दा अगदीच मोडीत काढू नका, हिप्परगीचा बंधारा पण आहे मध्ये, त्याची दारं कधी उघडतात…

माहुलीची_आई

अहो माणसं! इथं पोरांच्या ॲडमिशनचं चाललंय. पूर ओसरला की बोलवा मला.

इर्विन_पूल_५७_फूट

साताऱ्यात बसून ओसरला म्हणायला काय जातंय मॅडम. तुमच्याकडं पाऊस पडतो, चिखल आम्ही उपसतो.

कृष्णाकाठचा_मास्तर

जरा थांबा. माझ्या धाग्यावर पुराचे पंचनामे नकोत. पण एक सांगतो, वरचे चौघंही आत्ता इंटरव्ह्यूला बसले तर पास होतील. आकडे आहेत, घरचा अनुभव आहे, समोरच्याचं म्हणणं खोडायची खुमखुमी आहे. मिरजकरांच्या भाच्याला हेच कुणी शिकवलं नाही. अलमट्टी म्हणाला हे चुकलं नाही, त्याच्या पुढं "पण" म्हणता आलं नाही तिथं गाडी अडकली.

आणि माहुलीच्या ताई, तुमचं एक मान्य करावं लागतंय, मनातून नको वाटत असलं तरी. आम्ही वर्गात बोलू देत नाही. माझ्याच तासाला ८० पोरं, पोर्शन डिसेंबरात संपवायचा, कुणी प्रश्न विचारला की मीच घड्याळ बघतो. तुमच्या मॅडमनी मुलीला बोलतं केलं असेल तर ते पैसे वाया गेले नाहीत. माझा राग पंचवीस तयार उत्तरांवर आहे.

माहुलीची_आई

एवढं तरी कबूल केलंत, पेढे वाटते. पण तयार उत्तरांचं पण ऐका. माझ्या पोरीला पहिली दोन वाक्यं पाठ होती म्हणूनच तिची घाबरट जीभ हलली. नंतर ती तिचं तिचं बोलली. विहिरीत ढकलायच्या आधी पाठीला भोपळा बांधतातच की.

बारावी_ब_तुकडी

नमस्कार, मी साताऱ्यातून, सगळं वाचलं. माझा पुढच्या गुरुवारी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे आणि खूप टेन्शन आलंय. फॉर्ममध्ये छंद म्हणून ट्रेकिंग लिहून बसलोय. खरं म्हणजे अजिंक्यताऱ्यावर दोनदाच गेलोय आणि त्यातलं एकदा बाबांच्या गाडीवरून. आता काय करू? शिवाय घरात एकच खोली, मागं कुकरच्या शिट्ट्या होणार.

सुभेदार_अपशिंगेकर

गाडीवरून गेलो असंच सांग बाळा. आणि गुरुवारच्या आधी एकदा पायी चढून ये, म्हंजे तीनदा होईल. वर गेल्यावर चारी बाजूला काय काय दिसतं ते नीट बघून ये.

मिरजेची_तार

कुकरचं आईला सांग, त्या तासाला भात नको. नाहीच जमलं तर सुरुवातीलाच सांगून टाक की स्वयंपाकघर शेजारी आहे, तीही माणसंच आहेत. मागं चादर बिदर लावत बसू नको, मधेच पडली की तुझं सगळं लक्ष तिकडं.

प्रीतिसंगम_कराड

इंग्रजी अडलं तर थांब, "एक मिनिट विचार करतो" म्हण. आणि माहीत नसेल ते माहीत नाही म्हण.

बारावी_ब_तुकडी

थँक्यू सगळ्यांना. सर, अलमट्टी विचारली तर?

इर्विन_पूल_५७_फूट

५१९.६० आत्ताची आणि ५२४.२५६ त्यांना पाहिजे ती. आधी हे दोन आकडे घोट.

माहुलीची_आई

आलात ना शेवटी पाठांतरावर 😄

कृष्णाकाठचा_मास्तर

आकडे घोटलेले चालतात हो ताई. बाळा, रविवारी सांगलीला येणं होणार असेल तर ये, नाहीतर संध्याकाळी सातनंतर फोन कर, खुर्ची रिकामी आहे. चहा मात्र यावेळी इर्विनवाल्यांच्या खात्यावर.

इर्विन_पूल_५७_फूट

पाजतो की. पण त्या कराडकराला बोलवायचं नाही.