सातवा महिना, सकाळची उपाशी शुगर खाली येत नाही, इन्सुलिन सांगितलंय – मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, तपासणी बेळगावात चालू आहे. पहिलंच बाळंतपण, २८वा आठवडा. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तेव्हा शुगर १६८ आली. १४० किंवा त्याच्या वर गेली की गरोदरपणातला मधुमेह धरतात म्हणे. मला याआधी कधी शुगर नव्हती, वडिलांना आहे.

दोन आठवडे फक्त पथ्य आणि चालणं सांगितलं होतं. घरी मशीन आणलंय. दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी ११० ते ११८ येते, ती चालते. नाष्ट्यानंतर १३० च्या वर जाते. पण खरा घोर सकाळच्या उपाशी शुगरचा आहे. १०२, १०६, ९९, परत १०४. ती ९५ च्या आत पाहिजे. म्हणून रात्रीचं जेवण कमी करत करत अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक एवढ्यावर आणलं, तरी आकडा तिथंच. एका रात्री काहीच न खाता झोपले तर सकाळी १०८! पोटात काही नसताना शुगर येते कुठून?

आता डॉक्टरांनी झोपताना इन्सुलिन घ्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही, शिवाय औषध बाळाला लागेल. त्या मायेनंच म्हणतात, मला गरम मिळावं म्हणून दोन्ही वेळा ताजी भाकरी टाकतात. त्यांना मला नीट समजावून सांगायचं आहे, नुसतं ‘डॉक्टर म्हणाले’ असं नको.

खाण्याचंही विचारते. पथ्याचा छापील कागद कानडीत आहे, जावेनं वाचून दाखवला. त्यात रागी मुद्दे (नाचणीचे शिजवलेले गोळे) वगैरे लिहिलंय, ते आमच्याकडे कुणी करत नाही. आमचं भात, जोंधळ्याची भाकरी, आमटी, मटकी-पावट्याची उसळ, सकाळी उप्पीट नाहीतर पोहे. सध्या घरात रताळी भरपूर आहेत. चहात साखरेऐवजी गूळ घालते, चालेल ना? आणि ओटीभरण तोंडावर आलंय, पाहुणे कुंदा आणणार, माहेरच्या पुरणपोळ्या येणार. सगळ्यांना नाही म्हणायचं जिवावर येतं.

बाळंतपणाला चंदगडकडे माहेरी जाणार आहे. आईकडे फ्रीज नाही, इन्सुलिन कसं ठेवायचं?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, दोन्ही खेपेला मला हेच झालं होतं, म्हणून आधी एक सांगते. रात्रीचं जेवण तोडू नका. उपाशी राहिल्यानं शरीर चरबी जाळतं, त्यातून बनणारे किटोन लघवीत येतात, ते बाळासाठी चांगलं नाही. मी रात्री पूर्ण भाकरी, उसळ, मेथी नाहीतर शेपूची भाजी असं खात होते, आणि झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध, सोबत मूठभर भाजलेल्या शेंगा.

गूळ बंद करा. आपल्याकडे गुऱ्हाळाचा भाग, गूळ म्हणजे औषधच वाटतं, पण शुगरच्या मशीनला गूळ आणि साखर यांत काही फरक दिसत नाही. चहा बिनगोडाचा प्यायची सवय आठवड्याभरात लागते. रताळं भाजीत धरू नका, ते भाताच्या जागी धरा. लहानसं उकडलेलं रताळं खाल्लं तर त्या जेवणात भात नको.

भात सोडायची गरज नाही. आधी भाजी आणि घट्ट आमटी, मग भाकरी, शेवटी छोटी वाटी भात, हा क्रम मला लागू पडला. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, त्यामुळे नाष्ट्याला पोह्यांची नुसती बशी नको. पोहे निम्मे, त्यात मोडाची मटकी आणि शेंगा, किंवा सरळ भाकरी-झुणका. उप्पिटापेक्षा मला झुणका कितीतरी बरा पडला. प्रत्येक जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटं चालायचं.

ओटीभरणाला घासभर पुरणपोळी खाऊन बाकी वाटून टाका, कुणी रागवत नाही. कुंदा मात्र खव्याचा आणि साखरेचा, तो चमचाभरही मला जड गेला होता.

प्रतिसाद, प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स

रात्रीची शुगर जेवणातून येत नाही, यकृतातून येते. आपण झोपलो की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, आणि इन्सुलिन त्याला आवर घालतं. वारेतून निघणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, आणि २४व्या आठवड्यानंतर त्यांचा जोर वाढत जातो. म्हणून पथ्य चोख असूनही उपाशी आकडा वर राहतो. यात तुमचा काहीही दोष नाही.

सासूबाईंना दोन गोष्टी सांगा. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. आईच्या रक्तातली जास्तीची साखर मात्र जाते. तिच्यामुळे बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, प्रसूती अवघड होते, आणि जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम खाली येऊ शकते. दुसरं, वार पडली की तो अडसर जातो, बहुतेक बायकांचं इन्सुलिन बाळंतपणानंतर लगेच बंद होतं.

बोट टोचण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस असला तरी आकडा खोटा वर जातो. दोन तास पहिल्या घासापासून मोजा. इन्सुलिन सुरू झाल्यावर घाम, थरथर, धडधड झाली तर लगेच शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. डोस मनानं कमी-जास्त नको. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

धागाकर्ती

तुम्ही दोघींनी फार धीर दिलात. रात्रीचं जेवण आजपासून पूर्ण घेते. सासूबाईंना वाचून दाखवलं. बाळाकडे औषध जात नाही हे ऐकल्यावर त्यांनीच विचारलं, सुई कुठं टोचायची असते. माहेरचं तेवढं सांगा.

प्रतिसाद, नर्स

पोटाला नाहीतर मांडीला, रोज जागा थोडी बदलून. सुई अगदी बारीक असते. चालू बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. उन्हाळा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूच्या माठात ठेवा. बर्फात कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. जादा बाटली शेजारी फ्रीज असेल तर तिथं ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

तिकडे महाराष्ट्रात दाखवायचं म्हणजे इथलं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड), स्कॅनिंगचे रिपोर्ट, शुगरची वही आणि इन्सुलिनच्या डोसाची चिठ्ठी बरोबर न्या. कार्डावरचं कानडी तिथं कुणाला वाचता आलं नाही तर अडचण होते, म्हणून डॉक्टरांकडून इंग्रजीत एका पानावर सगळं लिहून घ्या. प्रसूती मोठ्या दवाखान्यातच ठरवा, जिथं बाळाची शुगर तपासायची सोय आहे. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजा. आणि सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी असते. तेव्हा तुम्ही माहेरीच असाल, तर तिथल्या सरकारी दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा.