जुनी लक्झरी गाडी घेताय तर एवढं वाचा

एकांनी विचारलंय की नव्या हॅचबॅकच्या पैशात १० वर्षं जुनी जर्मन सेडान मिळतेय, घ्यावी का. मी सोलापुरात अशीच एक ४ वर्षं वापरली म्हणून कळकळीनं सांगतो, गाडीची किंमत उतरते पण पार्टची उतरत नाही. एअर सस्पेन्शनचंच (स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर गाडी तोलणारी यंत्रणा) बघा ना, रबराची बॅग जुनी झाली की बारीक चिरा पडतात, हवा गळते, मग ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एकाच्या जागी दोन खर्च. सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसली की लगेच दाखवा.

दुसरं म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, त्यात कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं, पाइपांचं प्लॅस्टिक जुनं होऊन ठिसूळ झालेलं. ते फुटायच्या आधीच बदला, इंजिन तापलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) जातं. माझी टाकी मोहोळच्या पुढं फुटली, पुण्यापर्यंत टोइंग करून न्यावी लागली.

घेण्याआधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावून बघा, सर्व्हिसची सगळी बिलं मागा, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय ते नक्की विचारा, कोणी लाइफटाइम आहे, बदलावंच लागत नाही म्हणालं तरी.