मोटार भरणाऱ्या कारागिराने साठीनंतरची तजवीज कशी करावी?

प्रश्न (अहमदपूर, जि. लातूर)
गेली 22 वर्षे मी शेतीपंपांच्या मोटारी भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान चालवीत आहे. माझे वय 44 आणि पत्नीचे 35 आहे. रब्बीत कमी दाबाच्या विजेने मोटारी जळू लागल्या की रात्रीचे जेवणही दुकानातच होते. पावसाळ्यात मात्र कित्येक दिवस बोहनी होत नाही, आणि बरीचशी उधारी सोयाबीन विकल्यावरच वसूल होते. सौर पंपांची दुरुस्ती पहिली पाच वर्षे कंपनीकडेच असल्याने कामही घटू लागले आहे. दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढणे मला जमत नाही. तरीही म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, यासाठी आत्ता काय करावे?

उत्तर (परभणी)
अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 याच वयात प्रवेश मिळतो, त्यामुळे आपल्याला ती उपलब्ध नाही. परंतु वहिनी प्राप्तिकर भरत नसतील तर त्यांचे खाते अवश्य उघडावे. वयाच्या 35व्या वर्षी दरमहा 902 रुपये भरू लागल्यास साठीनंतर दरमहा 5,000 रुपये मिळतात. हप्ता सहामाहीही भरता येतो.

उत्तर (नांदेड)
आपली खरी अडचण कमाई कमी असण्याची नसून ती वर्षातून दोनदा येण्याची आहे, म्हणून बचतही त्याच दोन वेळांना करावी. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान 500 आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, आणि ते कधी व किती हप्त्यांत भरायचे हे आपणच ठरवतो. रब्बीच्या कामाचे जे रोख पैसे मार्चअखेर हाती राहतात, त्यांतून 5 एप्रिलपूर्वी 60,000 रुपये भरावेत, कारण त्या महिन्याचे व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरले जाते. असे पंधरा वर्षे केल्यास, सध्याचा 7.1 टक्के दर टिकला तर, साधारण सव्वासोळा लाख रुपये होतात. सातव्या वर्षापासून त्यातील काही रक्कम काढता येते. लग्नकार्यासाठी तिला हात लावण्याचा मोह होईल, तो टाळावा, असे मी कळकळीने सांगतो. साठीनंतर यातील सोळा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास आजच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 32,800 रुपये व्याज येईल. महागाईमुळे तेव्हा या रकमेची किंमत आजच्याएवढी नसेल, म्हणून कमाई वाढेल तसा भरणाही वाढवावा.

उत्तर (जालना)
मी 61व्या वर्षी मोटारी भरणे थांबवले. जळालेल्या मोटारीतून निघणारी तांब्याची तार मी पोत्यात साठवून दिवाळीपूर्वी भंगारात विकत असे आणि ते पैसे घरी न नेता थेट पोस्टात भरत असे. दुसरे असे की, हाताखालच्या मुलाला भरणकाम पूर्ण शिकवून पन्नाशीतच भागीदार करून घ्यावे. डोळे थकल्यावर मी फक्त बिघाड ओळखून देत असे, बारीक तारेचे काम तो करीत असे, आणि आज दुकान त्याच्या नावावर असले तरी गाळ्याचे भाडे माझ्याकडे येते.