उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा, पक्षाला का नाही?

मांडवीकाठ:
गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांवर खर्च करता येत नाही (२०१७ च्या निवडणुकीत २० लाख). पै न पैचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा, नाहीतर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. कोपरा सभेतल्या खुर्च्यासुद्धा मोजतात. आणि पक्ष? त्याला मर्यादाच नाही! ७५ दिवसांत खर्चाचं विवरणपत्र दिलं की सुटला. बड्या नेत्याच्या विमानाचं भाडंही उमेदवाराच्या अंगावर येत नाही. हे बंद करा, पक्षालाही आकडा ठरवून द्या.

हिशेबनीस:
आकड्याने काय होतं? मी उमेदवाराची वही सांभाळलीय. चहा, वडा, मंडप, सगळं निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाशी ताडून बघतात. मंडपवाला ओळखीतला म्हणून स्वस्तात दिला, तरी कमी दाखवलं की नोटीस. एकाला १० हजारांवर रोख द्यायची नाही. एवढं करून मोठा खर्च वहीबाहेरच होतो, हे गावात कोणाला माहीत नाही? तरी आपली मर्यादा काही तुटपुंजी नाही. २०२२ मध्ये मतदारसंघात सरासरी २९ हजार मतदार होते, म्हणजे डोई शंभरेक रुपये. महाराष्ट्रात ४० लाख, पण मतदार सव्वातीन लाखांवर, डोई बाराच. पक्षाला आकडा घातलात तर तोही पैसा काळोखात जाईल. आज निदान विवरणपत्रात काही दिसतं तरी.

डिचोलीकर:
हिशेबनीसबाब, तुमची वही उघडते अर्ज भरताना. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरोघरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची पिशवी येते, वर इच्छुकाचा हसरा फोटो. ती कुठल्या वहीत लिहायची? मर्यादेवर भांडू नका, मोजायचा काळ वाढवा.

मांडवीकाठ:
पटलं. पक्षाचं विवरणपत्रही निवडणूक जाहीर झाल्यापासूनच धरतात, त्यामुळे पिशवी त्यातूनही सुटते. पण काळ वाढवला नि पक्ष मोकळाच ठेवला, तर सगळ्या पिशव्या पक्षाच्या नावावर निघतील.

हिशेबनीस:
निघू देत, नावावर तरी येतील. पण सहा महिने आधी उमेदवार कोण हेच ठरलेलं नसतं. इथे तिकीट अर्जाच्या आदल्या रात्री फिरतं. खर्च धरायचा कुणाचा?

डिचोलीकर:
पिशवीवर फोटो आहे त्याचा.

हिशेबनीस:
आणि त्याला तिकीट मिळालंच नाही, दुसऱ्यालाच मिळालं, तर?