हस्त २४ की २८? मुळातलं वाचायचंय, काय वाचू?

मोगरा_फोंडा:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, चाळिशीला टेकलेली, लेकीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडायचे आणि तासभर बाहेर मच्छर मारत बसायचे, शेवटी स्वतःचंच नाव घातलं. आता थिअरीचा पेपर आलाय. क्लासच्या झेरॉक्समध्ये असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, २८ दिलेत आणि माझ्या चुलत बहिणीच्या जुन्या वहीत २४, दोन्हीवर शिक्षकांच्या टिकमार्क! लेक म्हणते, आई २८ लिही आणि गप्प बस. पण मला आता किडा चावलाय. संस्कृत दहावीपुरतं, तेही गेलं. बजेट कमी, पणजीला आठवड्यातून एकदा जाते.

तिश्र_नडे:
ताई, वही पण बरोबर आणि झेरॉक्स पण. २४ भरताच्या नाट्यशास्त्राचे, २८ नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणाचे, दोन्ही जुने संस्कृत ग्रंथ. गंमत अशी की हे नुसतं २४ मध्ये ४ घातले असं नाहीये, अर्धपताक, मयूर, चंद्रकला, सिंहमुख, त्रिशूल हे पाच नवे आले आणि ऊर्णनाभ बाहेर गेला. संयुत, म्हणजे दोन्ही हातांचे, तर भरताकडे १३ च, दर्पणात २३, शिवलिंग, शंख, चक्र, मत्स्य, कूर्म, वराह, गरुड हे सगळे दर्पणातले. उलट भरताकडे नृत्तहस्त म्हणून वेगळा मोठा गट आहे, अर्थ न सांगता नुसता नाचायचा हात.
सुरुवात अभिनयदर्पणानेच करा. छोटा आहे, सव्वातीनशेच्या आसपास श्लोक, आणि क्लासमध्ये जे "नाट्यारम्भे वारिवाहे" घोकता ते तिथलंच. मनमोहन घोषांच्या आवृत्तीत संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही आहे, ती घ्या. कुमारस्वामींचं १९१७ चं भाषांतर नेटवर फुकट मिळतं, वाचायला गोड आहे, पण त्यात मधे मधे दुसऱ्या ग्रंथांतले हात पण घातलेत, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडू नका, वेड लागेल. नाट्यशास्त्राचा फक्त नववा अध्याय बघा, बाकीचा डोंगर नंतर. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा आधी, विकत घेण्यापूर्वी.
आणि पेपरात आकड्याच्या आधी ग्रंथाचं नाव लिहा. नुसतं २८ लिहिलंत तर अर्धंच उत्तर.

सत्तरीचो_पावणो:
मराठीत वाचायचं म्हणून कंगल्यांचं रस-भाव-विचार उचलाल तर सांगून ठेवतो, पुस्तक एकदम भारी पण ते सहाव्या-सातव्या अध्यायाचं, हात त्यात शोधू नका. मी शोधत बसलेलो 😅

मोगरा_फोंडा:
म्हणजे नाव तेच असेल तर हात तरी तोच ना?

तिश्र_नडे:
नाही ना! ताम्रचूड बघा. दर्पणात मुकुल करून (पाची बोटांची टोकं एकत्र) तर्जनी वाकवली की झाला. नाट्यशास्त्रात मधलं बोट आणि अंगठा चिमटीत, तर्जनी वाकडी, उरलेली दोन तळव्यावर. कोंबडा तोच, चोच वेगळी.

केळीचं_पान:
याच्यावर माझी कडी. कथकली हस्तलक्षणदीपिका हा ग्रंथ मानते, तिथेही मूळ २४, पण त्यांचा पताक म्हणजे अनामिका वाकवलेला, आपल्या भरतनाट्यमचा त्रिपताक! केरळच्या मैत्रिणीशी मी यावर तावातावाने भांडलेय, दोघीही आपापल्या ग्रंथाप्रमाणे बरोबर होतो. त्यामुळे नेटवरचे मुद्रांचे चार्ट बघताना खाली नृत्यप्रकार लिहिलाय का तेवढं बघा, नसेल तर सोडून द्या.

सत्तरीचो_पावणो:
आणि सगळे भरत, नंदिकेश्वर करतात, आपल्या शार्ङ्गदेवाला कोणी विचारत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या सिंघणाच्या पदरी बसून संगीतरत्नाकर लिहिला, त्याचा सातवा अध्याय अख्खा नर्तनावर आहे. परीक्षेला गरज नाही, पण दौलताबादला गेल्यावर लोक फक्त तोफ बघून येतात त्याचा राग येतो.

मोगरा_फोंडा:
देव बरें करूं सगळ्यांचं. घोषांचं बघते सोमवारी. एक बावळट प्रश्न, त्रिपताकात अनामिका वाकवली की करंगळी पण मागून येतेच, चाळिशीचा दोष की काय?

केळीचं_पान:
सगळ्यांचीच येते. दुसऱ्या हाताने करंगळी सरळ धरून अनामिका एकटी वाकवायची, सावकाश, रोज थोडी. दुखायला लागलं की थांबा, जोर लावू नका. आणि अंगठा विसरू नका, तो वाकलेलाच हवा.

मोगरा_फोंडा:
आत्ता चपात्या लाटता लाटता करून बघितलं. करंगळी आली खाली आणि चपाती गेली करपून. लेक म्हणते, हा कुठल्या ग्रंथातला?